कोणती बाई?

चिचगड
१२ फेब्रुवारी २००७

प्रभूमध्ये प्रिय रविता,

सलाम. तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही. रागाने लिहून राहिले आहे, आणि राग उतरायच्या आत ते पेटीत टाकणार आहे. वाचून फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मी गप्प बसते, आणि बोलायचं ते राहून जातं.

जानेवारीच्या सभेला तू आली नाहीस. तीन दिवस बायकांच्या मांडवात मी सतरंजीचा कोपरा तुझ्यासाठी राखून बसले. शेवटच्या दिवशी पास्टर केशोराव सहज बोलून गेले, "रविताबाई तर दिवाळीपासून उपासनेलाही दिसल्या नाहीत." इथली आणि गोंदियाची, दोन्ही चर्चच्या मंडळ्या ते पाहतात, त्यांना माहीत असणारच. मी म्हटलं, ड्युटी असेल. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, कारण डिसेंबरात तुझ्या घरी राहून मी सगळं डोळ्यांनी पाहून आले होते.

आधी बुधवारची प्रार्थना सुटली, लेकीची, रिंकीची, शिकवणी असते म्हणून. मग जेवणाआधी डोळे मिटणं सुटलं, ओमेश्वरभाऊंना, तुझ्या नवऱ्याला, हसू येतं म्हणून. रविवारी मी तयार होऊन दारात उभी, आणि तू म्हणालीस, "तू जाऊन ये, माझं मटण चुलीवर आहे." तुझं शास्त्र, तुझं बायबल, मी शोधलं, रविता. ते लोखंडी कपाटात लग्नाच्या शालूखाली होतं. पानांना डांबरगोळ्यांचा वास येत होता.

तू चोरी केली नाहीस, कोणाचा संसार मोडला नाहीस. मला त्याचाच जास्त राग येतो. मोठं काही केलं असतंस तर निदान दचकली असतीस. तू तर जिना उतरावा तशी एक एक पायरी उतरत गेलीस, आणि प्रत्येक पायरीवर तुझ्याकडे चांगलं कारण होतं.

१९९९ साली आपण दोघी नर्सिंग शिकत होतो. एकाच दिवशी तळ्यात बाप्तिस्मा घेतला. बोडीच्या पाळीवर ओल्या साड्यांनी थरथरत उभ्या होतो, आणि तूच म्हणालीस, "दुलारी, आपल्यातली जी विश्वासात थंड पडेल तिला दुसरीने तोंडावर सांगायचं. मुलाहिजा ठेवायचा नाही." ते आज मी करून राहिले आहे.

इथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. बाकी सगळा दवाखाना माझ्या आणि आया मंदाबाईच्या डोक्यावर. बाळंतपणाला येणाऱ्या या बायका कशा आहेत तुला कल्पना नाही. तीनदा सांगा, चौथ्यांदा ओरडल्याशिवाय त्यांच्या डोक्यात शिरत नाही. एवढं सगळं करून मी पहाटे चारला प्रार्थनेला उठते. आठ वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही, सोमवारचा उपवास मोडलेला नाही. मोठेपणासाठी सांगत नाही. मनात आणलं तर होतं, म्हणून सांगते.

उत्तर लिही. कारणं लिहू नकोस.

प्रभूमध्ये तुझी बहीण
दुलारी


गोंदिया
३ मार्च २००७

दुलारी,

कारणं नको म्हणतेस ना, मग नाही देत. होय, मी जात नाही.

तुला वाटत असेल काही मोठं दुःख आलं असेल, नवऱ्याने अडवलं असेल. तसं काहीच झालं नाही. एका रविवारी रिंकीला ताप होता, नाही गेली. पुढच्या रविवारी ताप नव्हता, तरी नाही गेली. आणि काही झालं नाही. घर तसंच, नोकरी तशीच, ऊन तसंच. मला वाटलं होतं आत काहीतरी तुटल्यासारखं होईल. तेही झालं नाही. तुझ्या पत्रातलं जिन्याचं वाचलं आणि मला तुझं तोंड फोडावंसं वाटलं, कारण ते खरं आहे.

पण आता तू ऐक. बसून ऐक.

आमच्या दवाखान्यात सव्वीस तारखेला दुपारी एक बाई आली. शामकला नाव. तुमच्या चिचगडची. नवरा भैय्यालाल, सासू आणि ती, भाड्याची जीप करून. दुसरं बाळंतपण. कळा सकाळपासून. मी तिला टेबलावर घेतली आणि दिवा खाली ओढायला हात वर केला. फक्त हात वर केला, दुलारी. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. म्हणाली, "मारू नोका बाई, मी वरडत नाही, मारू नोका."

शिकायचे दिवस धरून मी नऊ वर्षं या कामात आहे. माझ्या हाताला आजपर्यंत कोणी घाबरलं नव्हतं.

मी तिच्या सासूला विचारलं, गावात दवाखाना असताना एवढ्या दूर कायले आणलं? सासू म्हणाली, "ते नाही म्हणे. पहिल्या वेळी तिथच्या बाईनं थापडा मारल्या. मरीन पण तिथं जाणार नाही म्हणे." तिथच्या बाईनं म्हणजे तू. तुझ्या दवाखान्याच्या फाटकासमोरून ती जीप गेली. देवरी, आमगाव करत तीन तास. बाळाने पोटात शी केली होती, निळं पडून आलं. काचेच्या पेटीत ठेवलं आहे, आज सहावा दिवस. डॉक्टर काही बोलत नाहीत.

तुझ्याकडे आली असती तर अर्ध्या तासात मोकळी झाली असती. तुझा हात मला माहीत आहे. आपल्या बॅचमध्ये तुझ्यासारखा हात कोणाचा नव्हता.

तू चारला उठून काय करतेस ग? कोणाशी बोलतेस?

माझं शास्त्र शालूखाली आहे, खरं आहे. तुझं कुठे आहे ते तू शोध.

रविता


चिचगड
९ मार्च २००७

रविता,

शामकला नावाची कोणी बाई मला आठवत नाही. वर्षाला शंभरावर बाळंतपणं होतात इथे. एकेकीचं तोंड लक्षात ठेवायला मला सवड नसते.

आणि समज, मारलंही असेल. तू नर्स आहेस. डोकं दिसू लागलेलं असताना बाई मांड्या आवळून घेते तेव्हा काय करतात हे मी तुला शिकवायचं? एक थापड मारून लेकरू वाचत असेल तर मी दहा मारीन. तुझ्याकडे डॉक्टर आहे, बेल दाबली की चार माणसं धावतात. माझ्याकडे एक मंदाबाई आणि विजेचा भरवसा नाही. आधी इथे येऊन एक महिना राहा, मग मला शिकव.

मी तुला तुझ्या आत्म्याबद्दल लिहिलं. तू उत्तरात कोण्या बाईची गोष्ट लिहिलीस. माझ्या एका थापडीच्या आड तू तुझं थंड पडणं लपवते आहेस. हे मला लगेच कळलं, आणि तुला कळत नसेल असंही नाही.

त्या पेटीतल्या लेकराला आपल्या भांडणात आणू नकोस. त्याच्यासाठी मी आजपासून सात दिवसांचा उपवास धरला आहे.

दुलारी


गोंदिया
१३ मार्च २००७

दुलारी,

शामकलाचं बाळ शनिवारी सकाळी गेलं. मुलगा होता. जीपवाला न्यायला तयार होईना, म्हणून भैय्यालालने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि बसने घेऊन गेला. कंडक्टरला सांगितलं, झोपलं आहे.

तुझा उपवास सोड.

रविता


चिचगड
१९ ऑगस्ट २००७

प्रिय रविता,

पाच महिने झाले. तू लिहिलं नाहीस, मीही नाही. तुझ्या त्या चार ओळींवर मी किती चिडले होते ते सांगत नाही. एप्रिल, मे, दोन महिने मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. चारला उठून प्रार्थनेला बसायची, आणि प्रभूपुढे तुझ्याविरुद्ध फिर्याद मांडायची. दीड तास. उठायची तेव्हा मला हलकं वाटायचं, आणि मी समजायची हीच शांती.

मग जूनमध्ये एक दिवस मला साक्षीदार हवा झाला. तुला खोटं पाडायला. मंदाबाई नळावर रबरी चादरी धूत होती. मी म्हटलं, "मंदाबाई, खरं सांगा. मी कधी कोण्या बाईवर हात उचलला का?"

ती चादर घासता घासता म्हणाली, "कोणती बाई?"

मी म्हटलं, "कोणती म्हणजे?"

"नाव सांगा ना बाई. ते जुळेवाली? का ते गोरी पोरगी, बाप घेऊन आला होता ते? का भैय्यालालची?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रविता. बाजारात कोणती भाजी आणू, असं विचारावं तसं तिने विचारलं. मी तिथेच ओट्यावर बसले. मी म्हटलं, "तुम्ही मला कधी बोलल्या काऊन नाही?"

ती म्हणाली, "तुमी प्रार्थनेवाल्या बाई. आमी समजलो, तुमच्या देवाले चालत असन."

मला आयुष्यात कोणी इतकं मारलेलं नाही. आणि तिला ते माहीतही नाही. तिने चादर पिळली आणि दोरीवर टाकायला गेली.

त्या दिवसापासून मी आठवून पाहते. पहिली मला लख्ख आठवते. २००२ साल. कोवळी पोर होती, मला चावली, आणि माझा हात गेला. त्या दिवशी मी जेवले नाही. तिच्यासाठी चहा करून नेला, तिचे पाय धरले. दुसऱ्या वेळी पाय धरले नाहीत, फक्त प्रभूला सांगितलं. तिसऱ्या वेळी मनात म्हटलं की प्रभूला ठाऊकच आहे, इथली परिस्थिती त्याला दिसते. त्याच्यापुढचं मला आठवतच नाही. तुला मी पायऱ्यांचं लिहिलं होतं. माझ्या पायऱ्या तर मला मोजताही येत नाहीत, कारण उतरताना मी गाणी म्हणत होते.

मागच्या आठवड्यात शामकलाकडे गेले. धानाची रोवणी चालू होती. ती गुडघाभर चिखलात, बांधीत वाकलेली. तिची थोरली पोर बांधावर बसून होती, तीच जी माझ्या हातून झाली. मी चपला काढून बांधावर उभी राहिले आणि म्हटलं, "शामकला, मी दवाखान्याची बाई. मी तुला मारलं होतं. मी माफी मागायला आली."

ती उभी राहिली. हातातले रोवायचे पऱ्हे तसेच. म्हणाली, "थापड तर मी विसरली बाई. थापड आमच्या घरी बी बसते. तुमी म्हणल्या होत्या, तुझ्यासारखीले लेकरू कायले पाहिजे. ते नाही विसरली."

मला ते म्हटल्याचं आठवत नाही, रविता. तिथे उभी राहून मी जीव तोडून आठवत होते. ती खोटं कशाला बोलेल? मी म्हटलंच असेल. एवढं मोठं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला त्याचा पत्ताही नाही.

मी पुन्हा म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "माफी देऊन मी काय करू? थे देल्ली तं माझं लेकरू येते का?" आणि खाली वाकून रोवायला लागली. भैय्यालाल पलीकडच्या बांधीतून ओरडला, "जा आता बाई, काम होऊ द्या." मी आले.

मंडळीपुढे सांगायचं ठरवलं. पास्टर केशोरावांना आधी कळवलं, तर म्हणाले, "बहीण, हे तुमचं आणि प्रभूचं आहे. लोकांत कशाला? दवाखान्याचं नाव जाईल, आपल्या कामाला धक्का बसेल." मी म्हटलं, "पास्टर, थापड प्रभूला नाही बसली, बाईला बसली." ते लाल झाले. रविवारी प्रभुभोजनाच्या आधी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दोन बाया रडल्या. बाकीचे खाली पाहत बसले. प्रभुभोजनाची भाकर माझ्यापुढे आली तेव्हा, लायक नाही म्हणून, मी घेतली नाही. केशोराव माझ्याशी अजून बोलत नाहीत.

मंदाबाईला सांगून ठेवलं आहे, माझा आवाज चढला की मला खोलीच्या बाहेर काढायचं. पहिल्यांदा ती लाजली. परवा मात्र तिने खरंच माझा दंड धरून मला बाहेर नेलं, आणि आत जाऊन स्वतः त्या बाईचा हात धरून बसली. मी व्हरांड्यात उभी. मला तिचा फार राग आला. पाणी प्यायले आणि मग आत गेले. मुलगी झाली.

चारला अजून उठते. फिर्याद नाही, मागणं नाही. बसते फक्त.

आणि आता तुझ्यावरचा राग. तो गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. डिसेंबरात मी तुझ्या घरी तीन दिवस होते. माझी जीभ काय झाली होती ते तू ऐकलं नसशील? रिंकीवर मी कशी खेकसले ते ऐकलं नाहीस? मार्चमध्ये तू मला सांगितलंस ते माझ्या पत्राचा सूड म्हणून. डिसेंबरात का नाही सांगितलंस? तेव्हा शामकलाचे दिवस भरायचे होते. तेव्हा वेळ होता.

दुलारी


गोंदिया
२८ ऑक्टोबर २००७

प्रिय दुलारी,

तुझं पत्र दोन महिने माझ्या पर्समध्ये आहे. ड्युटीवर नेते, घरी आणते. रोज लिहायला बसते आणि तुझ्यावर चिडून उठते. आज बस झालं.

होय. ऐकलं होतं.

डिसेंबरात जेवण झाल्यावर तू तुमच्या बायकांचं सांगत होतीस. हसत हसत सांगत होतीस. "जनावरं बरी," म्हणालीस. मी दुसऱ्या दिवसाची भाजी चिरत होती, माझा हात थांबला. मला धक्का बसला, कारण तू अशी नव्हतीस. हॉस्टेलात झाडूवालीला ताप आला तर तू तिचा वार्ड झाडायची. मला बोलायचं होतं. पण वाटलं, मी कोण बोलणारी? मीच चर्चला जात नाही. ही उलटून मलाच विचारेल. मग मी भाजी चिरली.

मतलब हेच, दुलारी. मी थंड पडली तर माझं मी पाहीन, कोणाचं काय जाते, असं समजून मी चालली होती. बुधवार सोडला, रविवार सोडला, कोणाचं काही बिघडलं नाही, असं मीच तुला मोठ्या तोंडाने लिहिलं. बिघडलं होतं. तुला अडवायची ती एक जागा होती, तिथे मी उभी असायला पाहिजे होती, आणि मी नव्हती. तो मुलगा माझ्या हातावर आला. मीच त्याला पेटीत ठेवलं. पहिल्या दिवशी मला राग फक्त तुझा आला होता. आता माझा येते.

पण तुलाही एक सांगते. डिसेंबरात तू माझं कपाट उघडलंस, शास्त्र शोधलंस, डांबरगोळ्यांचा वास घेतलास, आणि मला तोंडावर एक शब्द नाही बोललीस. दोन महिने थांबून पत्रात लिहिलंस, तेही केशोरावांकडून कळल्यावर. तू पण भ्यालीसच. का पत्रात तुला मोठं होता येते म्हणून? विचार कर.

मी मागच्या महिन्यापासून जाऊन राहिली उपासनेला. मागच्या बाकावर बसते. काही वाटत नाही. खरंच काही वाटत नाही. पहिल्या रविवारी गाणी ऐकून इतकी चीड आली की मधूनच उठून आली. पुढच्या रविवारी शेवटपर्यंत बसली. ओमेश्वरने विचारलं, "काऊन जातेस मग?" मी म्हटलं, "माहीत नाही, पण घरी बसून काय झालं ते पाहिलं मी." काल जेवताना मी डोळे मिटले तर रिंकीने पण मिटले. ओमेश्वर हसला नाही.

भाकर घेतली नाहीस हे बरं केलंस की वाईट, मला कळत नाही. पास्टर बोलत नसतील तर न बोलू दे. तू मात्र त्यांच्यावर चिडून मंडळी सोडू नकोस. तुझं डोकं मला माहीत आहे. अशीच एक पायरी असते ती.

आता ऐक. दिवाळीला मी पाच दिवसांची सुट्टी टाकली आहे, मंजूर झाली. रिंकीला आजीकडे ठेवते. शुक्रवारच्या बसने निघते, देवरीला गाडी बदलून तिसऱ्या प्रहरी पोहोचेन. घ्यायला येऊ नको, मला दवाखाना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी शामकलाकडे जायचं आहे. तू एकटी गेलीस ते चुकलं, मी सोबत पाहिजे होती. ती आपल्याला हाकलेल. भैय्यालाल शिव्या देईल. देऊ दे, त्याने ते लेकरू मांडीवर घेऊन बसमध्ये चार तास काढले आहेत. तू माफी मागू नको. मागून झाली. ती देणार नाही, आणि देण्यासारखं तिच्याजवळ काही आहे असं मला वाटतही नाही. तोंडातून शास्त्रातलं काही चांगलं वचन काढशील तर मी तुला तिथेच बांधीत ढकलीन.

कापणी चालू असेल. तिने विळा हातात दिला तर कापू. नाही दिला तर बांधावर बसू, ती उठ म्हणेपर्यंत.

जुनी साडी नेस.

रविता